ठिणगीतून उरलेला उजेड

कसारा घाट रात्री उतरताना जुन्या बजाज स्कूटरवाल्याची खरी कसोटी लागे. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडून दिली, की इंजिनाची गती पडायची आणि तिच्याबरोबर समोरचा दिवाही. पांढरट उजेड पिवळा व्हायचा, पिवळ्याचा तांबूस, आणि जिथे वळण नीट दिसायला हवं नेमका तिथेच रस्ता नाहीसा व्हायचा. म्हणून जाणता माणूस चार पैशांचा मोह सोडून दुसऱ्या गिअरमध्येच घाट उतरे. इंजिन घोंघावत राही, ब्रेकला हातभार लागे आणि दिवाही शाबूत राही. मुंबई-नाशिक रस्त्यावर ज्यांनी १९६० आणि ७०च्या दशकांत स्कूटर हाकली, त्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही.

दोष बल्बचा नव्हता. त्या काळच्या साध्या स्कूटरला बॅटरीच नसे. इंजिनाच्या फ्लायव्हीलमध्ये लोहचुंबक बसवलेले, आणि आत एका स्थिर प्लेटवर तांब्याच्या कॉइली. या सगळ्या जुडग्याला मेकॅनिक मंडळी आजही नुसतं ‘मॅग्नेट’ म्हणतात. एक कॉइल प्लगच्या ठिणगीसाठी, दुसरी दिव्यासाठी आणि हॉर्नसाठी. फ्लायव्हील जितक्या वेगाने फिरेल तितकी वीज. सिग्नलला गाडी थांबली की दिवा मिणमिणे आणि हॉर्न घसा बसल्यासारखा घरघरे. मागचा छोटा बल्ब उडाला तर त्याच्या वाटणीची वीज पुढच्या बल्बकडे जाई आणि थोड्याच वेळात तोही जाई. इंजिन घडवणाऱ्याने आधी ठिणगीची सोय पाहिली होती. उरलंसुरलं दिव्याच्या पदरात पडलं.

दुचाकीवरच्या उजेडाचा इतिहास म्हणजे बराचसा या दुय्यम वागणुकीचा इतिहास. नाशिक जिल्ह्यात तो पाहायचा तर जाहिरातींपेक्षा कॉइली भरून देणाऱ्या वाइंडरच्या दुकानात पाहावा. गाडीला उजेड हक्काने मिळावा यासाठी कंपन्यांच्या बरोबरीने, कधीकधी त्यांच्या आधी, खटपट झाली ती तिथे.

त्याआधी अर्थात सायकल होती. इंग्लंडमध्ये जोसेफ लुकासने १८७०च्या दशकाअखेर सायकलच्या चाकातच टांगायचा तेलाचा दिवा विकायला काढला आणि त्याला ‘किंग ऑफ द रोड’ असं भारदस्त नाव दिलं. हा राजा खड्ड्यात विझत असे. पुढे कार्बाइडचे दिवे आले. खालच्या डबीत कॅल्शियम कार्बाइडचे खडे, वरच्या टाकीत पाणी. पाण्याचा थेंब पडला की ॲसिटिलीन वायू तयार होई आणि चांगली पांढरी ज्योत लागे. वासही येई. सुरुवातीच्या मोटारी आणि मोटरसायकलीसुद्धा याच दिव्यांवर धावल्या. मग टायरला घासत फिरणारा बाटलीच्या आकाराचा डायनॅमो आला: ६ व्होल्ट, ३ वॅट. चढावर पाय भरून आलेले असताना डायनॅमो टायरला लावायचा म्हणजे जिवावर येई, आणि म्हणूनच पुष्कळजण तो पोलिस दिसल्यावर लावत.

नाशिकला सायकलचं महत्त्व मोठं होतं, कारण हे गाव पसरट. नाशिकरोडला १९२५मध्ये सरकारी सिक्युरिटी प्रेस सुरू झाला, १९२८मध्ये शेजारीच नोटांचा छापखाना. जुनं नाशिक आणि पंचवटीहून नाशिकरोड म्हणजे नऊ-दहा किलोमीटर. पाळी सुटायच्या वेळी अंधार पडलेला असला तर सायकलवाल्याला दिवा हवाच. दिव्याशिवाय सायकल चालवणं हा दंडाचा गुन्हा होता, डबलसीट बसणं हाही. नियम काटेकोर आणि दिवे कच्चे, तेव्हा पळवाटाही ठरलेल्या: हँडलवर एका हाताने टॉर्च धरायची, किंवा चौकाच्या अलीकडे उतरून सायकल हातात घ्यायची. चालणाऱ्याला दिव्याची सक्ती नव्हती.

मोटरसायकलवर विजेचा दिवा कसा आला, याची गोष्ट एका जर्मन कंपनीपाशी जाते, आणि योगायोग असा की ते नाव नाशिककरांच्या रोजच्या बोलण्यातलं आहे. श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशकडे काम करणाऱ्या गोटलोब होनोल्ड या इंजिनिअरने १९०२मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडून चालणारा स्पार्क प्लग तयार केला. ठिणगीचा प्रश्न सुटला. दिव्याचा सुटायला आणखी अकरा वर्षं लागली. १९१३मध्ये बॉशने हेडलाइट, जनरेटर आणि रेग्युलेटर असा तिघांचा एकत्र संच बाजारात आणला. यातला रेग्युलेटर महत्त्वाचा. नुसता बल्ब आणि नुसता डायनॅमो जोडला तर गाडी हळू असताना अंधार आणि जोरात असताना फुटका बल्ब, एवढंच पदरी पडतं. वीज तयार करणं, ती आवरणं आणि ती वापरणं ही तीन कामं एकत्र बघावी लागतात, हे तिथे पहिल्यांदा नीट ओळखलं गेलं. पुढे याच कंपनीची भारतातली शाखा मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको. १९५१मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने १९७०च्या सुमारास सातपूरला कारखाना काढला. तिथे दिवे बनले नाहीत, डिझेल इंजिनाचे नोझल बनले. पण मायको सर्कल हे नाव शहराच्या नकाशावर कायमचं बसलं आणि पाळीला जाणाऱ्या हजारो दुचाकी त्या रस्त्याला मिळाल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचा ‘डिस्पोजल’चा माल देशभर बाजारात आला. देवळालीसारखी मोठी छावणी शेजारी असलेल्या नाशिकला लष्करी गाड्या नव्या नव्हत्या. बीएसए, नॉर्टन, मॅचलेस अशा त्या ब्रिटिश मोटरसायकलींवर लुकासचाच विजेचा सरंजाम असे. मॅग्नेटोच्या डोक्यावर डायनॅमो बसवलेला, म्हणून त्याचं नाव मॅगडायनो. युद्धकाळात विमानातून दिसू नये म्हणून हेडलाइटवर झापड चढवलेली असे, फक्त एका फटीतून उजेड यायचा. लुकासच्या विजेबद्दल इंग्रज चालकांनीच इतके टोमणे मारले आहेत की आपण त्यात भर घालायची गरज नाही.

१९५५पासून मद्रासमध्ये बुलेट तयार होऊ लागली, १९६१पासून म्हैसूरला जावा. या दोन्ही गाड्या बॅटरीवाल्या. जावाच्या क्रँकच्या टोकाला ६ व्होल्ट, ४५ वॅटचा डायनॅमो. बुलेटच्या हेडलाइटवर ॲमीटरची सुई, आणि दोन्ही बाजूंना दोन छोटे पायलट दिवे, ज्यांना ‘टायगर लॅम्प’ म्हणायची पद्धत पडली. रात्री हेडलाइट लावला की ॲमीटरची सुई वजाकडे झुके आणि इंजिनाने वेग घेतला की मध्यावर येई. बुलेटवाला रस्त्याइतकंच त्या सुईकडे बघत असे. बॅटरी असल्याने गाडी थांबली तरी दिवा जळत राही, ही चैन होती. पण बॅटरी बसली तर जावा सुरूच होत नसे आणि धक्का मारायला माणसं शोधावी लागत. स्कूटरचं मॅग्नेट याबाबतीत बिनतक्रार. किक मारली की ठिणगी, बॅटरीचा संबंध नाही.

सामान्य माणसाच्या घरात आली ती स्कूटर आणि मोपेड. बजाजने पियाजिओच्या परवान्यावर आकुर्डीला व्हेस्पा बनवली, परवाना संपल्यावर १९७२मध्ये चेतक आणली आणि तिच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले. त्याच वर्षी फिरोदियांच्या कायनेटिकने लुना काढली. तिचा कारखाना नाशिकच्या शेजारी नगरला. दोन्हींना ६ व्होल्टचं मॅग्नेट. चेतकचा पुढचा बल्ब साधारण २५ वॅटचा, लुनाचा त्याहून कितीतरी लहान. लुनाच्या उजेडात रस्ता दिसण्यापेक्षा लुना आहे एवढंच समोरच्याला कळे.

सहा व्होल्टची अडचण नुसत्या कमी उजेडाची नव्हती. २४ वॅटचा बल्ब ६ व्होल्टवर ४ अँपिअर करंट ओढतो, १२ व्होल्टवर २ अँपिअर. आता नाशिकच्या पावसाळ्यात वायरच्या जोडावर गंज चढला आणि तिथे पाव ओहमचा अडथळा तयार झाला असं धरू. सहाच्या गाडीत तिथेच १ व्होल्ट खर्च होतो, म्हणजे जवळपास १७ टक्के. बाराच्या गाडीत अर्धा व्होल्ट, म्हणजे ४ टक्के. तेवढाच गंज, पण एक गाडी आंधळी होते आणि दुसरीच्या मालकाला काही जाणवत नाही. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात सहा व्होल्टची गाडी वापरणाऱ्यांच्या खिशात पॉलिश पेपरचा तुकडा असे, तो याच कारणाने.

इथे वाइंडर येतो.

नाशिक जिल्ह्यात वाइंडरचा धंदा गाड्यांवर उभा राहिला नाही, तो विहिरीवरच्या मोटारींवर उभा राहिला. निफाड, पिंपळगाव बसवंत, लासलगाव, दिंडोरी हा द्राक्ष-कांद्याचा पट्टा. इथे पाणी उपसणारी मोटार जळणं ही नित्याची बाब. व्होल्टेज कमी आलं, एक फेज गेला, मोटार जळाली. ती उचलून गावातल्या रीवाइंडिंगच्या दुकानात टाकायची आणि पाण्याची पाळी चुकू नये म्हणून तिथेच ठाण मांडून बसायचं. ज्याला दहा हॉर्सपॉवरच्या मोटारीचे खण भरता येतात, त्याला मुठीएवढ्या स्कूटरच्या कॉइलचं काय अवघड? त्याच टेबलावर, फावल्या वेळात, मॅग्नेटच्या कॉइल प्लेटा भरल्या जाऊ लागल्या.

हे काम बघण्यासारखं असतं. आधी पुलर लावून फ्लायव्हील ओढून काढायचं. हातोडा मारून काढलं तर चुंबकाला तडा जातो, त्यामुळे ज्याच्याकडे पुलर नाही त्याच्याकडे गाडी देऊ नये असा जुना दंडक. मग प्लेट सोडवायची. जळक्या वार्निशचा काळा थर खरवडला की खालची तार दिसते. वाइंडर ती एकदम कापत नाही. एकेक वेढा सोडवत मोजतो, वेढे उजवीकडून होते की डावीकडून हे कागदावर लिहून ठेवतो. लोखंडी पत्र्यांच्या खांबांवर एकाआड एक उलट दिशेने वेढे असतात, कारण शेजारचं चुंबक आलटूनपालटून उत्तर आणि दक्षिण असतं. एका खांबाची दिशा चुकली तर तो बाकीच्यांची वीज खाऊन टाकतो. नवी तार इनॅमल चढवलेल्या तांब्याची. प्रत्येक वेढा आधीच्याला चिकटून, मध्ये फट न ठेवता. शेवटी वार्निशमध्ये बुडवून प्लेट पेटत्या बल्बखाली सुकत ठेवायची. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक येतं तेव्हा ती मधाच्या रंगाची चमकत असते.

खरा निर्णय गेजचा. जाड तार घातली तर करंट जास्त मिळतो, पण खांबावर जागा तेवढीच, म्हणून वेढे कमी बसतात आणि इंजिन हळू असताना व्होल्टेज पुरत नाही. बारीक तारेचे जास्त वेढे घातले तर गाडी उभी असतानाही दिवा बरा लागतो, पण जोरात पळवल्यावर मोठा बल्ब ओढवत नाही. गिऱ्हाईक काय करतं, यावर उत्तर ठरतं: गावातल्या गावात दूध घालणाऱ्याला एक तार, रात्रीचा घाट चढणाऱ्याला दुसरी. कारखान्याने सगळ्या देशासाठी एक सरासरी काढलेली असते. वाइंडर ती एका माणसाच्या रस्त्यासाठी बदलून देतो. या कारागिरीला कुठलं प्रमाणपत्र नाही आणि तिची दखलही फारशी कुणी घेतलेली नाही, हे नमूद करायला हवं.

१९८०च्या दशकाच्या मध्यावर जपानी सहकार्याच्या गाड्या आल्या. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १००, त्याच सुमारास इंड-सुझुकी, कावासाकी बजाज. ठिणगीचे पॉइंट साफ करण्याची कटकट सीडीआय या इलेक्ट्रॉनिक इग्निशनने संपवली आणि हळूहळू १२ व्होल्ट सर्वमान्य झाले. तरी दिव्याची दुय्यम वागणूक एका चतुर रीतीने टिकून राहिली. खर्च वाचवायला बहुतेक छोट्या गाड्यांत विजेची दोन घरं केलेली होती: इंडिकेटर, हॉर्न आणि ब्रेकलाइट बॅटरीवर, तर हेडलाइट थेट कॉइलवर, म्हणजे एसीवर. बॅटरी छोटी, २.५ अँपिअर-अवर. तिच्यावर ३५ वॅटचा हेडलाइट टाकला तर तासाभराच्या आत ती रिकामी होईल, तेव्हा कंपनीचा हिशेब चुकीचा नव्हता. पण सिग्नलला दिवा मिणमिणणं मात्र चेतकच्या काळासारखंच चालू राहिलं.

यावर गॅरेजांनी काढलेला तोडगा म्हणजे ‘गाडी डीसी करून घेणं’. आरएक्स १००वाल्यांमध्ये हे शब्द परवलीचे झाले. मूळ रचनेत लायटिंग कॉइलचं एक टोक प्लेटलाच झाळलेलं असतं, म्हणजे बॉडीला अर्थ केलेलं. त्यामुळे विजेच्या लाटेचा एकच अर्धा भाग बॅटरीला मिळतो. वाइंडर ते टोक सोल्डरिंगच्या लोखंडाने सोडवतो, त्याला नवी वायर जोडून बाहेर काढतो आणि दोन्ही टोकं फुलवेव्ह रेक्टिफायर-रेग्युलेटरला, म्हणजे आरआर युनिटला देतो. आता लाटेचे दोन्ही अर्धे कामी येतात. त्याच कॉइलमधून जास्त वीज बॅटरीत उतरते, हेडलाइट बॅटरीवर जातो आणि इंजिन मंद असो की जोरात, उजेड एकसारखा. बॅटरी पाच अँपिअर-अवरची घालावी लागते, हेडलाइटला रिले आणि फ्यूज लावावा लागतो. अर्ध्यामुर्ध्या मेकॅनिककडून फ्यूज राहून जातो, आणि मग सीटखालून धूर निघतो.

आरआर युनिटची एक गंमत अनेकांना माहीत नसते. यातला रेग्युलेटर साधारणतः शंट जातीचा असतो: जास्त झालेली वीज तो परत अर्थला शॉर्ट करून उष्णतेत घालवतो. म्हणून त्याच्या ॲल्युमिनियमच्या डबीला उष्णता सोडणाऱ्या पात्या असतात आणि म्हणूनच ती वारा लागेल अशा जागी बसवायची असते. याचा दुसरा अर्थ असा, की अशा गाडीत दिवा बंद ठेवून पेट्रोल वाचत नाही. वापरली नाही तर ती वीज डबी तापवण्यात जाते.

हा खटाटोप निव्वळ हौशी पोरांसाठी होता असं समजू नये. महाराष्ट्रात शेतीची वीज आलटूनपालटून दिवसा आणि रात्री येत राहिली. रात्रीची पाळी असली की दोन वाजता उठून मोटार सुरू करायला जायचं, गाडी स्टार्टरच्या पेटीकडे तोंड करून उभी करायची आणि हेडलाइटच्या उजेडात फेज आले का ते बघायचं. निफाडच्या उसात आणि द्राक्षबागांत बिबट्या दिसणं ही बातमी राहिलेली नाही. अशा वेळी गाडी बंद केल्यावरही जळणारा दिवा आणि इंजिनासोबत मरणारा दिवा यांतला फरक वाइंडरला समजावून सांगावा लागत नाही. २०१७मध्ये राज्याने सौर कृषी वाहिनी योजना जाहीर केली, ती शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणूनच.

डर्ट बाइकवाले या दुकानात सर्वांत शेवटी आले. सुपरक्रॉसची माती नाशिकला नवी नाही. राष्ट्रीय सुपरक्रॉस आणि दुचाकी रॅली मालिकांच्या फेऱ्या इथे झाल्या आहेत. शर्यतीची गाडी तयार करायची म्हणजे पहिलं काम दिवे काढायचे. हेडलाइटच्या जागी नंबरची पाटी, इंडिकेटर आणि आरसे घरी, वायरिंगचा निम्मा जुडगा बाहेर. वजन कमी होतं आणि पडल्यावर काच फुटायची भीती नाही. एकेकाळी आरएक्स १०० आणि शोगन अशा टू-स्ट्रोक गाड्या यासाठी सोलल्या जात. परदेशी मोटोक्रॉस गाडी तर जन्मतःच आंधळी. तिचं फ्लायव्हील मुद्दाम हलकं असतं, इंजिनाने चटकन वेग घ्यावा म्हणून, आणि कॉइल असते ती फक्त ठिणगीपुरती.

याच कुळातली दुसरी शाखा एंड्युरोची, म्हणजे लांब पल्ल्याच्या खडतर शर्यतींची. १९१३मध्ये इंग्लंडमधल्या कार्लाइल इथे पहिली आंतरराष्ट्रीय सहा दिवसांची चाचणी झाली. वर्ष तेच, बॉशच्या दिव्याचं. त्या शर्यतीत गाडी सार्वजनिक रस्त्यावरूनही न्यावी लागे, म्हणून ती रस्त्याच्या कायद्यात बसणारी, दिव्यांसकट असावी लागे. चेकोस्लोव्हाकियाच्या जावाने या स्पर्धेत पुढे वर्षानुवर्षं दबदबा ठेवला, तीच जावा जिची भावंडं म्हैसूरहून नाशिकला आली होती. डाकार रॅलीतही दोन टप्प्यांमधलं अंतर पहाटेच्या अंधारात साध्या रस्त्यावरून कापावं लागतं. २०१५मध्ये बंगळुरूचा सी. एस. संतोष ती पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, तेव्हा इथल्या पोरांना कळलं की मातीत पळणाऱ्या गाडीलाही दिवा लागतो आणि चांगला लागतो.

अशी गाडी वाइंडरकडे आली की तो आधी प्लेटवर रिकामे खांब आहेत का ते बघतो. असतील तर काम सोपं: तिथे लायटिंगचे वेढे भरायचे, वायर बाहेर काढायची, आरआर युनिट लावायचं. बॅटरीचं वजन नको असेल तर तिच्या जागी मोठा कपॅसिटर बसतो. तो वीज साठवत नाही म्हणण्याइतपतच साठवतो, पण चढउतार सपाट करतो. रिकामे खांब नसतील तर ठिणगीच्या कॉइलला धक्का न लावता काय करता येईल याचा खल होतो. ती कॉइल केसासारख्या तारेची, असंख्य वेढ्यांची. ती तुटली तर दिवाही गेला आणि गाडीही. आणि एवढं सगळं करून गाडी रस्त्यावर आणायची परवानगी मिळत नाही. दिवा लावला म्हणून नोंदणी न झालेली शर्यतीची गाडी कायदेशीर होत नाही, आणि नोंदणी झालेल्या गाडीतही कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं. नाशिकजवळच्या घाटांत समोरून येणाऱ्या एखाद्या मोटरसायकलीवरचे चार-चार फोकस डोळ्यांत घुसतात तेव्हा या कडकपणाची बाजू पटते.

दिव्याचा खरा मानमरातब वाढला तो सरकारी हुकमाने. १ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकीचा हेडलाइट इंजिन सुरू होताच आपोआप लागलाच पाहिजे असा नियम झाला आणि हँडलवरचं दिव्याचं बटण गेलं. दिवसा दिवा जळताना पाहून सुरुवातीला रस्त्यावरचा प्रत्येक माणूस हात हलवून खूण करायचा. त्यापाठोपाठ २०२०मध्ये बीएस-६ हे धुराचं मानक आलं, कार्बुरेटर गेले, इंधन इंजेक्शन आलं. पेट्रोलचा पंप, इंजेक्टर आणि त्यांचा छोटा संगणक यांना अखंड डीसी लागतो. म्हणजे वीज कमी पडली तर आता दिव्याबरोबर इंजिनही बंद पडतं. कंपन्यांना कॉइली मोठ्या कराव्याच लागल्या. चेतकच्या वेळी जिथे पाच-पंचवीस वॅटांवरून रडारड होती, तिथे आज ॲडव्हेंचर जातीच्या गाड्यांमध्ये दोनशे वॅटच्या घरातले अल्टरनेटर येतात.

दुसरीकडून एलईडीने मागणीच कमी करून टाकली. निळ्या एलईडीसाठी तीन शास्त्रज्ञांना २०१४चं नोबेल मिळालं. तिच्यामुळे पांढरा उजेड स्वस्त झाला. तारेच्या बल्बला ३५ वॅट लागायचे तेवढा उजेड एलईडी थोड्या वॅटांत देते. गंमत म्हणजे सायकलच्या चाकात बसणारा आजचा हब डायनॅमोही ६ व्होल्ट, ३ वॅटचाच आहे. आकडे शंभर वर्षांपूर्वीच्या तोलामोलाचे, पण एलईडीमुळे त्यावर रात्रभर सुसाट जाता येतं. नाशिकला याचं महत्त्व सांगायला नको. इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली, आणि तेव्हापासून शहरात लांब पल्ल्याच्या सायकलिंगचं वेड पसरलं. रात्री दिव्याशिवाय सायकल काढली तर या मंडळींच्या ब्रेव्हेमधून, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सफरींमधून, माणूस बाद होतो. जुन्या हवालदाराला समाधान वाटलं असतं.

फेब्रुवारी २०२४मध्ये लुना पुन्हा आली, विजेवर चालणारी. तिच्यात मोठी बॅटरी गाडी ओढायलाच आहे, तेव्हा दिव्याला वीज कुठून आणायची हा प्रश्नच उरला नाही. एक छोटा कन्व्हर्टर व्होल्टेज उतरवून दिव्यांना देतो. पण विजेच्या दुचाकीच्या चाकातली हब मोटर उघडली तर आत जे दिसतं ते वाइंडरला अनोळखी नाही: बाहेर फिरणाऱ्या कडीत चुंबक, आत स्थिर खांबांवर तांब्याचे वेढे. स्कूटरचं मॅग्नेटच, फक्त उलटं वापरलेलं; तिथे फिरवून वीज काढायची, इथे वीज देऊन फिरवायचं. फरक तपशिलात आहे. वेढे तीन फेजचे, एका जाड तारेऐवजी अनेक बारीक तारा एकत्र वळलेल्या, आणि मधल्या खाचेत चुंबकाची जागा ओळखणारे तीन हॉल सेन्सर. सेन्सर एक मिलिमीटर सरकला तरी मोटर चालताना थडथडते. विहिरीवरच्या तीन फेजच्या मोटारी भरण्यात ज्याची हयात गेली, त्याला यात नवं शिकायचं आहे ते फक्त त्या सेन्सरचं.